हातांवर बसलेली मुलं

हिवरखेडच्या केंद्रात आल्या आल्या संध्याबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि मुलांच्या कानांतली यंत्रं मागितली.

"मॅडम, आधी स्वागत आहे नं," प्रकल्पाचा समन्वयक गोपाल ढोरे म्हणाला. तुळशीची कुंडी धरून तो दारातच उभा होता. "लेकरांनी कार्यक्रम बसवला आहे."

"बसवलेलं मग पाहू. आधी यंत्रं."

संध्याबाई अमरावतीच्या एका कर्णबधिर विद्यालयात चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट. ऐकू न येणारं मूल पुढ्यात घ्यायचं, त्याचा एक हात आपल्या गळ्यावर आणि दुसरा त्याच्या गळ्यावर ठेवायचा, आणि 'ब' म्हणायचा. पुन्हा म्हणायचा. मुलाच्या तोंडून पहिला 'ब' निघायला कधी तीन महिने लागत, कधी वर्ष जाई. बाई कंटाळत नसत. एवढ्या वर्षांत त्यांना चिडलेलं कोणी पाहिलं नव्हतं, मुलावर हात उगारलेलं तर नाहीच. ही एक गोष्ट त्या स्वतःशी मोठ्या सुखानं आठवत.

'चला बोलू या' हा प्रकल्प अकोला जिल्ह्यात पाच वर्षांपासून चालू होता. खेड्यातली बहिरी मुलं लहानपणीच शोधायची, त्यांना कानाची यंत्रं द्यायची, गावात केंद्र काढून बोलायला शिकवायचं, आणि घरी मुलाशी कसं बोलावं हे आईला शिकवायचं. छापील पत्रकात तरी काम सोन्यासारखं दिसत होतं. आता तो मेळघाटात, पार सेमाडोहपर्यंत न्यायचा की नाही हे ठरायचं होतं. त्यासाठीच हे मूल्यमापन. पुण्याच्या ज्या संस्थेकडे ते काम होतं तिनं बाईंना पाच केंद्रं पाहायला सांगितली होती. हिवरखेड चौथं. आधीच्या तीन केंद्रांनी बाईंच्या तोंडाची चव घालवली होती, म्हणून त्या आज कुंडीसाठीसुद्धा थांबल्या नाहीत.

केंद्राची शिक्षिका आकांक्षा पंचविशीची, घाबरट डोळ्यांची मुलगी होती. तिनं स्टीलच्या ताटात चौदा यंत्रं गोळा करून आणली. नळीपासून सोडवून नुसती यंत्रंच. कानात बसवायचे साचे मुलांच्या कानांतच होते.

"साचे राहू द्या मॅडम," ती घाईनं म्हणाली. "परत बसवायले लई वेळ लागते."

बाई एकेक यंत्र उचलू लागल्या. उचलायचं, मुठीत घट्ट धरायचं, मूठ कानाशी न्यायची. यंत्र जिवंत असलं की मुठीत शिट्टी घालतं. त्यातला सेल संपला असला तर ते गोटीसारखं गप्प राहतं. एवढी सोपी परीक्षा. आईला पहिल्याच दिवशी शिकवायची.

चौदांतली नऊ गप्प होती.

"दमट हवा असली की असं होते मॅडम," गोपाल म्हणाला.

"डिसेंबरात?"

गोपालनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीला टेकून मुलांच्या आया ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी मोकळेपणानं बोलून गेली, "सेल थे तपासणीची गाडी येते तवाच भेटते जी. आज पाचच आले म्हने."

"आत्याबाई," शेजारच्या सुनेनं तिचा पदर ओढला. "चूप बसा नं."

"मी काय खोटं बोलून राह्यली का व?"

म्हातारीचं नाव तानुबाई, सुनेचं कौशल्या. कौशल्याची सात वर्षांची आचल पुढच्या ओळीत बसली होती. निळा फ्रॉक, तेल लावून चापून विंचरलेले केस, आणि मान किंचित डावीकडे कललेली.

मग कार्यक्रम झाला. एकेक मूल उठलं, जिभेला गाठ मारल्यासारख्या आवाजात चार वाक्यं म्हणालं आणि बसलं. नमस्कार. माझं नाव अमुक आहे. मी इतक्या वर्षांची आहे. मला शाळा आवडते. चौदा मुलं आणि तीच चार वाक्यं. प्रत्येकाला गोपाल एकट्यानं टाळ्या वाजवत होता.

बाईंनी आचलला पुढे बोलावलं. तिच्यासमोर खाली बसल्या, ओठ तिला नीट दिसतील असं तोंड धरलं आणि सावकाश विचारलं, "आज काय जेवलीस?"

आचलनं त्यांच्या ओठांकडे डोळे ताणून पाहिलं. "नमस्कार. माझं नाव आचल आहे."

"हो. आणि तुझ्या आईचं नाव काय?"

"मी सात वर्षांची आहे."

"तुला भाऊ आहे?"

"मला शाळा आवडते."

"शाब्बास!" गोपाल म्हणाला.

बाईंना वाटलं चालत्या रस्त्यात पाय घाणीत पडावा तसं. माणूस ओठ हलवायचा थांबला की पुढचं वाक्य सोडायचं, एवढंच या मुलीला पाच वर्षांत शिकवलं होतं. प्रश्न कोणता हे तिला ठाऊक नव्हतं, प्रश्न विचारला गेला आहे हेही तिला ठाऊक नसावं. आणि अहवालात ही मुलगी 'बोलती झालेली मुलं' या रकान्यात पहिल्या नंबरवर होती.

एक गोष्ट मात्र बाईंना बरी वाटली. मुलं बसली होती मोठी छान. ताठ पाठ, पाय सरळ, आणि प्रत्येकाचे दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली. एकाचाही हात वर येत नव्हता.

गोपालच्या ते ध्यानात आलं. "ओळखलं का मॅडम? तुमचीच पद्धत आहे." त्यानं कपाटातून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. सोळा पानांची. तीस वर्षांपूर्वी बाईंनीच पालकांसाठी लिहिलेली. त्यातला सातवा नियम गोपालला तोंडपाठ होता. "'मूल हातवारे करू लागल्यास त्याला मारू नये. प्रेमाने हातांवर बसवावे. हात थांबले की जीभ सुटते.' आम्ही यावरूनच आमचा नमुना बनवला. तुमच्या फॉर्ममधला चौदावा प्रश्न पाहा. तोही यातूनच आलेला आहे."

बाईंनी फॉर्म पाहिला. चौदा: मूल घरी हातवारे करते का? हो, नाही. 'नाही'ला गुण होते.

"आणि ज्या घरी हातवारे चालतात," गोपाल म्हणाला, "त्या घराचं यंत्र आम्ही परत घेतो, नाव कमी करतो. तीन घरांचं केलं. तेव्हापासून सारे सरळ झाले."

"परत घेता?"

"धाक लागते मॅडम. तुम्हाला तर माहीतच आहे."

परत घेण्याचं बाईंना खटकलं. तरी त्यांनी मान डोलावली. आपलं काही तरी तीस वर्षं टिकलं याचा आनंद होता तो. त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या घाणीत स्वतःच्या या मान डोलावण्याची शिसारी त्यांना पुढे सगळ्यांत जास्त आली.

घरभेटीसाठी गोपालनं आचलचंच घर निवडलं. "मॉडेल घर आहे आमचं."

घरात पुढच्या खोलीत वेचलेला कापूस छातीएवढा रचून ठेवला होता. आचल धावत जाऊन त्या ढिगावर बसली, आणि गाडीतले लोक आत येताच दोन्ही हात आपसूक मांड्यांखाली गेले. कौशल्यानं चटई टाकली. तिचा नवरा वेचणीला शेतात गेला होता.

बाईंनी फॉर्म भरायला घेतला. यंत्र रोज लावता का? "रोज जी." घरी बोलण्याचा सराव? "दोन टाइम." कौशल्याची उत्तरंही आचलच्या चार वाक्यांसारखीच एकामागून एक येत होती. चौदावा प्रश्न आला.

"नाई जी. हातवारे तर बिलकुल नाई. हात हालतच नाई तिचा."

तानुबाईला हसू फुटलं. "हात हालत नाई म्हने! काल भांडे घासता घासता दोघी मायलेकी मले येडी म्हनून राह्यल्या होत्या, मले काय समजत नाई का?"

"आत्याबाई, च्या ठेवा."

"ठेवतो व माय. मले कोनी येडी म्हनलं तर चालते, मी बोलली तर नाई चालत."

गोपाल हसला, पण त्याची नजर कौशल्यावर होती. कौशल्याच्या गळ्यातली शीर उडत होती, हे बाईंना दिसलं.

तेवढ्यात त्यांना वास आला. केंद्रातही मघाशी आला होता, तेव्हा तेलाचा वाटला. बाई उठल्या, कापसाच्या ढिगापाशी जाऊन आचलच्या शेजारी बसल्या. मुलीच्या डाव्या कानाशी दोन माश्या होत्या. उडत होत्या, परत बसत होत्या. मुलगी त्यांना हात वर करून हाकलत नव्हती.

बाईंनी दोन बोटांनी कानातला साचा धरला आणि हळूच फिरवून काढला. तो सुटताना आचलचं सगळं अंग ताठ झालं. साच्याबरोबर पिवळा-हिरवा पू बाहेर आला आणि गालावरून खाली ओघळला. आत कानाचं भोक सुजून लाल झालं होतं. मूल वाढतं, कान वाढतो, साचा सहा-आठ महिन्यांत बदलावा लागतो. हा किमान दोन वर्षांपूर्वीचा होता. आज सकाळी कोणीतरी तो या पिकलेल्या कानात दाबून बसवला होता, वरून तेल चोपडलं होतं, आणि म्हणूनच आकांक्षाला साचे काढून द्यायचे नव्हते.

"दुखतं?" बाईंनी विचारलं.

आचलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं बाईंच्या ओठांकडे पाहिलं. "नमस्कार," ती म्हणाली. "माझं नाव आचल आहे."

हात मांड्यांखालीच होते.

 पदरानं बाईंनी मुलीचा गाल पुसला, मग त्याच पदरानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. "कौशल्या, तिला विचार. केव्हापासून दुखतंय, रात्री ताप होता का. विचार."

कौशल्यानं गोपालकडे पाहिलं.

"तोंडानं विचारा वहिनी," गोपाल म्हणाला. "मॅडम पाहून राहिल्या."

कौशल्या लेकीसमोर बसली. "कवापासून दुखते, माय?" ओठ थरथरत होते, त्यावर काय वाचता येणार? आचल म्हणाली, "मी सात वर्षांची आहे."

"गोपाल," बाई म्हणाल्या, "गाडीतून माझी पिशवी आणा. मागच्या सीटखाली असेल."

पिशवी पुढच्या सीटवर होती. गोपाल बाहेर गेला आणि दाराआड झाला, तशी कौशल्यानं लेकीच्या गुडघ्यावर थाप मारली. मांड्यांखालचे दोन हात पाण्यातून मासे उसळावेत तसे वर आले.

बाई पाहत राहिल्या. मघापर्यंत ओल्या मातीसारखा असलेला मुलीचा चेहरा एकदम जागा झाला. भुवया चढल्या, ओठ मुडपले, बोटं कानाशी गेली, उघडली, मिटली, दूर कुठंतरी बोट गेलं, परत छातीशी आलं. मध्येच तिनं कोणाची तरी नक्कल केली. घाबरट डोळे, बोट उगारलेलं. ती आकांक्षा आहे हे बाईंनासुद्धा कळलं. बाकी काही कळलं नाही.

"काय म्हणते?"

"चार दिवस झाले म्हनते," कौशल्या भराभर सांगू लागली. "बजाराच्या दिवसापासून. त्या कुशीवर झोपता येत नाई. म्याडमले कान दाखवला, तर म्याडमनं हात खाली दाबले. गाडी जाईपर्यंत मशीन काढू नको म्हने. मले माईत होतं जी. मी चिठ्ठी बी नेऊन देली होती केंद्रावर. पुंजारामभाऊनं लिहून देली. कान पिकला, डाक्टरले दाखवा म्हनून. थ्या म्याडमनं वाचली अन् म्हनल्या, तू त्या मुक्याकडे काहून जातं? तुह्यं नाव कमी होईन. मंग मी चूप बसली."

"कोण पुंजाराम?"

"स्टँडजवळ शिंपी हाय. ऐकू येत नाई त्याले. हे सारं त्यानंच शिकवलं, हिले बी, मले बी. मी ब्लाउज शिवाच्या नावानं जातो." तशातही तिला क्षणभर हसू आलं. "दोन वर्सांत बारा ब्लाउज झाले जी. घालू कवा?"

दाराशी चप्पल वाजली. चारही हात नाहीसे झाले. मुलीचे मांड्यांखाली, आईचे पदराआड.

"सीटखाली नव्हती मॅडम," पिशवी पुढे करत गोपाल म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता अकोल्याला जायचं. कानाच्या डॉक्टरकडे."

"मॅडम, अजून दोन घरं आहेत. सरपंचाकडे पानं वाढली आहेत. उद्या मी स्वतः..."

बाईंनी साचा त्याच्या नाकापुढे धरला. गोपालनं तोंड फिरवलं.

"हे तुमच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहू?" बाई म्हणाल्या आणि आचलला उचलून गाडीत जाऊन बसल्या. मागोमाग पर्स घेऊन कौशल्या चढली. तानुबाई चहाची कपबशी घेऊन गाडीपर्यंत मागे आली. "घोटभर तरी घ्या जी," म्हणाली, आणि मग गोपालला ऐकू जाईल अशा बेतानं, "बिचाऱ्या लेकराचा कान सडोस्तर याइचं मॉडेल चालते."

स्टँडवर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाला त्यांना पाहायचं होतं. गोपाल फोन कानाला लावून पानठेल्याकडे गेला. सरपंचाला काहीतरी सांगणं भाग होतं.

दुकान म्हणजे टिनाची टपरी, एक मशीन, एक स्टूल. शिंपी चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेले. आचल पुढे धावली तसा त्यानं मशीनवरचा पाय थांबवला आणि मान वर केली. कौशल्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या बाईंकडे. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो उठला, स्टूल मशीनपासून पुढे ओढलं, पाठ ताठ केली, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून बसला.

बाईंनी त्याला ओळखलं. तिसऱ्या बाकावरचा पुंजाराम. हिवरखेडच्या बाजूचं, कोरकू आदिवासी वाटावं असं काळंसावळं, किरकोळ पोर, वसतिगृहात राहायचं. 'बाबा' हा शब्द त्या वर्षी सगळ्यांत स्वच्छ त्यानंच म्हटला होता, आणि बाईंनी तो पाहुण्यांसमोर कितीदा तरी म्हणायला लावला होता.

"पुंजाराम," बाई ओठ मोठे करून म्हणाल्या, "बोल. बोलतोस ना?"

पुंजारामनं तोंड उघडलं. "बा... बा," म्हणाला. मग हसून मान हलवली आणि हात झटकला, जुनी खेळणी बाजूला सारावी तसा. फळीवर पसरलेल्या काळ्या कापडावर त्यानं शिंप्याच्या खडूनं लिहायला घेतलं. अक्षर गिचमिड होतं.

'बाई नमस्कार. तासभर बसलो हात झोपत होते. मग पेन धरता येत नाही. बाई म्हणत पुंजाराम अक्षर खराब.'

बाईंनी वाचलं. त्याच्या खाली त्यांनी बोटानं फक्त एक शब्द काढला, कारण खडू उचलायचं त्यांना सुचलं नाही. 'राग?'

पुंजारामनं जोरात नकाराची मान हलवली. पुन्हा लिहिलं. 'नाही. सर मारत. बाई मारत नाही. बाई चांगल्या.'

छडी खाल्ली असती आणि आज तो तोंड फिरवून बसला असता, तर बाईंना सोपं गेलं असतं.

तो आता कौशल्याशी बोलू लागला. हात खूप वेगानं चालत होते, दोघं मधूनच बाईंकडे पाहत होते. शेवटी त्यानं उजव्या हाताचा तळवा डाव्याखाली घातला आणि वरून दाबला. कौशल्या संकोचली.

"सांग," बाई म्हणाल्या.

"याइच्यात जी, ऐकू न येनाऱ्याइच्यात, सगळ्याइले नाव असते. आपापसातलं. मिश्या असन तर मिशीचं, टिकली असन तर टिकलीचं. हे तुमचं हाय." तिनं तळवा तळव्याखाली घालून दाबला. "अमरावती-अकोल्यातले सारे तुमाले यानंच ओयखतात म्हने. तुमच्या शायेत जे होते थे, अन् नव्हते थे बी."

चौतीस वर्षं. सुट्टीत पटांगणावर पोरं कोंडाळं करून हात हलवत, बाई दिसल्या की थांबत. बाईंना वाटे, खोड्या चालल्यात. कधी वाटे, माझ्याबद्दलच काहीतरी प्रेमाचं असेल.

पानठेल्याकडून गोपालचा आवाज आला. "निघायचं का मॅडम?"

अकोटच्या रस्त्यानं गाडी धावू लागली. आचल मधे, कौशल्या खिडकीशी. मुलीचे हात पुन्हा खाली गेले होते. बाईंनी तिचा उजवा हात हलकेच ओढून बाहेर काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आचलनं तो परत खाली घातला. बाईंनी पुन्हा काढला. मुलीनं आईकडे पाहिलं, गोपालच्या मानेकडे पाहिलं, आणि परत खाली घातला. तिसऱ्यांदा बाईंनी नाद सोडला. त्यांनी ओढून काढलेला हात आणि त्यांनीच दाबून बसवलेला हात, मुलीला दोन्ही सारखेच होते.

त्यांनी फॉर्म काढला. चौदाव्या प्रश्नावर पेन थांबलं. 'नाही' लिहिलं तर ती चार वाक्यं सेमाडोहच्या मुलांपर्यंत पोचणार होती. 'हो' लिहिलं तर?

पुढच्या सीटवरून गोपाल वळून पाहत होता. "मॅडम, तेवढं जरा सांभाळून. 'हो' आलं की वहिनीचं नाव कमी करावं लागेल. माझ्या हातात नाही. नियम आहे."

कौशल्यानं ऐकलं. ती खिडकीबाहेर उभ्या तुरीकडे पाहू लागली.

बाईंनी 'हो'ही लिहिलं नाही आणि 'नाही'ही नाही. अख्ख्या प्रश्नावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'हा प्रश्न विचारणे चूक आहे. तो माझ्या पुस्तिकेतून आला आहे आणि पुस्तिका चूक होती. या केंद्रातील मुले बोलत नाहीत, पाठ म्हणतात. नऊ यंत्रे बंद. एका मुलीचा कान कुजला, तिला ते सांगू दिले नाही.' खाली पूर्ण नावाची सही केली.

गोपालनं वाकून वाचलं. "मॅडम, समासातलं पुण्याला कोणी वाचत नाही," तो शांतपणे म्हणाला. "तिथं नुसते आकडे चढवतात. रेघ मारली तर तो प्रश्न 'उत्तर नाही'मध्ये जाते."

त्यात खोटं काही नव्हतं, हे बाईंना माहीत होतं. गोपालला खोटं बोलायची गरजच पडत नव्हती.

अकोल्यात डॉक्टरांकडे गर्दी होती. कान पिकला म्हटल्यावर कंपाउंडरनं मधेच आत सोडलं. डॉक्टरांनी दिवा लावून कानात पाहिलं, नाक मुरडलं, चिमट्यात कापूस धरला. "केव्हापासून आहे? ऐका, पडद्यापर्यंत गेलंय का ते पाहायचंय. आतून ठणकतं की वरून? चक्कर येते का? मुलीलाच विचारा, अंदाजे सांगू नका."

खोलीत गोपाल होता, दाराशी कंपाउंडर, त्याच्यामागे बाकावर माणसं. कौशल्यानं गोपालकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.  या जागी काही म्हणण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं त्यांना वाटलं.

कौशल्यानं पर्समधून केंद्रावरून परत मिळालेलं, रुमालात बांधलेलं यंत्र काढलं आणि गोपालच्या हातावर ठेवलं.

"हे घ्या सायेब."

"वहिनी, असं काय..."

"सेल नाई त्यात. आमाले काय फरक पडते?"

मग ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली, बांगड्या मागे सारल्या, आणि सगळ्यांसमोर हात उघडले. आचल क्षणभर बघतच राहिली. तिनं गोपालकडे पाहिलं, पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. मग तिचे हात बाहेर आले, आधी बिचकत, मग सुटले. कौशल्या एकेक वाक्य डॉक्टरांना सांगत गेली. आतून ठणकते. उठलं की घर फिरते. काल रात्री कानातून आवाज आल्यासारखा झाला, मंग पानी आलं. डॉक्टर प्रश्न विचारत होते, लिहून घेत होते, पुन्हा विचारत होते. एकदा आचलनं डॉक्टरांच्या हातातल्या चिमट्याकडे बोट करून असं काही तोंड केलं की कंपाउंडर हसला.

बाई भिंतीशी उभ्या होत्या. बहिऱ्या मुलांत सगळं आयुष्य गेलं, आणि सात वर्षांची मुलगी दोन हातांवर काय सांगते आहे ते कळायला त्यांना तिच्या आईच्या तोंडाकडे बघावं लागत होतं.

कान साफ झाला, औषध घालून बोळा बसवला. पडदा फाटला होता, पण लहान, भरून येईल म्हणाले. बाहेर बाकावर औषधांची वाट पाहत तिघी बसल्या. गोपाल यंत्र खिशात घालून गाडीकडे गेला होता.

आचलनं आईचा दंड हलवला. तिनं बाईंकडे बोट केलं आणि भुवया वर नेल्या.

कौशल्या घुटमळली. तिनं बाईंकडे एकदा ओशाळं पाहिलं. मग लेकीला उत्तर द्यायचं म्हणून तिनं उजवा तळवा डाव्याखाली घातला आणि वरून दाबला.

दिवसभरात त्या दोघींच्या बोलण्यातला हा एकच शब्द बाईंना आपणहून कळला.

आचलनं बाईंच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग आपले दोन्ही हात उचलून पोटाशी घट्ट धरले, आणि बाकावर सरकून आईच्या पलीकडे जाऊन बसली.